व्हर्लिन टॉफ्तेची कोंबडी

व्हर्लिन टॉफ्तेनं अडतीस वर्षं आमच्या भागातल्या झाडून सगळ्या डुकरांना जेवू घातलं. डुकरं, गाई, टर्की, एका हौशी माणसाचे दोन शहामृग, सगळ्यांना. स्टोरडालच्या पशुखाद्याच्या गिरणीत तो मिश्रणावर होता आणि मी वजनकाट्यावर. कुठल्या जनावराला मका किती, सोयाबीनची पेंड किती, मीठ किती, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो अचूक सांगायचा. आणि या माणसाला स्वतःसाठी अंडं उकडता येत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याच्यावर ती वेळच आली नव्हती. आधी आई होती, मग सैन्यातला भटारखाना, आणि मग सेहेचाळीस वर्षं बायको, लव्हॉन.

लव्हॉन ऑगस्टमध्ये गेली. त्यानंतर महिनाभर त्याच्या दारात झाकलेली भांडी येत राहिली. कुणाचं बटाट्याचं, कुणाचं शेवयांचं, कुणाचं भाताचं, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. व्हर्लिन ते सगळं मुकाट खायचा, भांडं घासूनपुसून ज्याच्या त्याच्या घरी नेऊन द्यायचा. सप्टेंबर संपता संपता भांडी यायची थांबली. लोकांचं काही चुकलं नाही, शेतातला मका काढायला आला होता.

माझं घर त्याच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे. संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा आणि पाच मिनिटांत विझायचा. पाच मिनिटांत कोण जेवतं?

"काय जेवलास रे?" मी एकदा पत्रपेटीपाशी गाठून विचारलं.

"जेवलो."

"ते कळलं. काय जेवलास?"

"होतं काहीतरी."

ते काहीतरी म्हणजे दूध आणि कॉर्नफ्लेक्स. सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. गुरुवारी मी सूप करून नेत असे, तेवढं एक गरम त्याच्या पोटात जायचं. मला राग यायचा. त्याचा यायचा आणि त्याहून जास्त लव्हॉनचा यायचा, की बाई, जाण्याआधी या माणसाला चूल कुठे असते एवढं तरी दाखवायचं होतंस.

नाताळात त्याची मुलगी तमरा मिनियापोलिसहून आली तेव्हा तो अठरा पौंडांनी उतरला होता आणि पँट सुतळीनं बांधत होता. तिला धक्का बसला नाही, कारण तिला आधीच फोन गेला होता. फोन करणारी कॉर्लिस ब्रेकी. आमच्या चर्चच्या महिला मंडळाची ती वीस वर्षं अध्यक्ष आहे. चर्चच्या जेवणावळी होतात त्या तळघराच्या किल्ल्या तिच्याकडे असतात आणि तळघरात कुणी काय आणलं, किती उरलं, हेही तिच्याकडेच असतं. "मी आपली काळजीपोटी सांगते हं, तमरा," असं म्हणून तिनं व्हर्लिनच्या फ्रिजमध्ये काय काय नाही त्याची यादी वाचून दाखवली होती. ती फ्रिजपर्यंत पोचली कशी, हे मला आजवर कळलेलं नाही.

तमरा वाईट नाही. तिचा जीव आहे बापावर. पण विम्याच्या कचेरीत काम करून करून तिला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो. तिनं तिच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. एप्रिलपासून खोली मिळणार होती, सही फेब्रुवारीत करायची होती. हे तिनं नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरात सांगितलं. मी तिथंच होते, पाव घेऊन गेले होते.

"बाबा, तिथं तीन वेळचं गरम जेवण मिळतं."

"डुकरांनाही मिळायचं."

"मग तुम्हीच सांगा, इथं तुम्ही काय खाता?"

 खिडकीतून गिरणीचा मनोरा दिसतो, व्हर्लिन तिकडे बघत राहिला. ते घर त्यानं आणि लव्हॉननं लग्नाच्या वर्षी घेतलं. पुढचा ओटा त्यानं स्वतःच्या हातानं बांधला. त्या घरातून उचलून त्याला शहरात कुठल्या तरी चौथ्या मजल्यावर ठेवलं तर तो वर्ष काढणार नाही, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. पण असं काही तोंडानं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

"थोडा वेळ दे," तो शेवटी म्हणाला.

"कशाला वेळ?"

"जेवण करायला शिकतो."

तमरा हसली नाही, हे तिचं मोठेपण. थोडा विचार करून म्हणाली, "ठीक आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मी येते. एक धड जेवण मला करून वाढा. विकत आणलेलं नाही, मार्डेलकाकूंनी करून दिलेलं नाही. तुम्ही स्वतः केलेलं. मी पोटभर जेवले तर हा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर सोमवारी आपण सही करायला जायचं."

"कबूल," व्हर्लिन म्हणाला. जाताना ती गाडीत बसून रडत होती, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं लव्हॉनचा स्लो कुकर फडताळाच्या वरच्या फळीवरून काढला. विजेवर मंद शिजवणारा, मोठा, अंड्याच्या आकाराचा, आतलं मातीचं भांडं चॉकलेटी. गॅसपाशी उभं राहून ढवळणं आपल्याला जमायचं नाही, पण सगळं मोजून एकदा आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही, हे आपल्या गिरणीसारखंच आहे, असं त्याचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटलं. मी म्हटलं, या यंत्रात तर लहान मूलसुद्धा कोंबडी शिजवतं, तुला का नाही जमणार?

नाही जमलं. पहिल्या दिवशी त्यानं खाली कोंबडी ठेवली आणि वर बटाटे, गाजरं, कांदे रचले. संध्याकाळी मला फोन. "मार्डेल, यंत्र बिघडलंय. कोंबडी हाडावरून गळून पडली आणि बटाटे दगड."

"अरे, यात मांसापेक्षा कंदमुळांना वेळ लागतो. ती खाली घालायची, तळाशी. आच तिथं लागते."

"मग लव्हॉन कधी बोलली का नाही?"

"तू कधी विचारलंस?"

दुसऱ्या खेपेला भाज्या खाली गेल्या, पण त्यानं वर काठोकाठ पाणी ओतलं. कोंबडी आणि भाज्या स्वतःचंच पाणी सोडतात, वरून अर्धी वाटी पुष्कळ झाली, हे त्याला माहीत नव्हतं आणि मला सांगायचं सुचलं नाही. ते त्यानं तीन दिवस सूप म्हणून प्यायलं. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर होतं, फक्त संध्याकाळी सहाला मांस गुलाबीच. मी जाऊन बघितलं, भांडं गरम, वायर नीट. मग मला संशय आला.

"झाकण उघडलंस का?"

"थोडंसं."

"किती वेळा?"

त्यानं गिरणीतल्या जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं. माणूसच तसा. अकरा वेळा! प्रत्येक वेळी उघडलं की आतली वाफ गेली, आणि ती पुन्हा धरायला त्या भांड्याला अर्धा तास लागतो.

"व्हर्लिन," मी म्हटलं, "गिरणीत मिक्सर फिरत असताना कधी झाकण काढून आत डोकावलास?"

"मला काय वेड लागलं होतं?"

"मग?"

हे मात्र त्याला पटलं. चौथ्या वेळी त्यानं सकाळी बटण फिरवलं आणि दिवसभर घराबाहेर राहिला. वाचनालयात बसला, दुकानात गेला, माझ्या अंगणातला बर्फ न सांगता काढला. त्या दिवशी कोंबडी शिजली. नीट शिजली. पण चवीला काही नाही, नुसती उकडलेली. मी तसं तोंडावर सांगितलं, कारण फेब्रुवारी जवळ आला होता आणि गोड बोलायला वेळ नव्हता.

मग तो खऱ्या अर्थानं कामाला लागला. रोज नवी पावती. कोंबडीच्या मांड्या तीन पौंड, हाडासकट, कातडी काढून. बटाटे दोन पौंड, गाजर एक, कांदा पाऊण, सलगम अर्धा. तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा, त्याहून मोठा नाही, लहान नाही. लव्हॉनच्या मसाल्याच्या बाटल्या उघडून तो एकेक हुंगायचा आणि पावतीवर खूण करायचा. शेवटी त्यानं मोहरीचा तिखट सॉस दोन चमचे आणि सफरचंदाचा रस अर्धी वाटी एकत्र फेटून मांड्यांना चोळला आणि वरून ओव्याच्या वासाचा थोडा थाइम भुरभुरवला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टर्कीला खाद्य जात नसलं की आपण त्यात काहीतरी आंबटगोड मिसळायचो, म्हणे, तसंच हे.

त्या संध्याकाळी तो ताट झाकून रस्ता ओलांडून आला. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, थोडंसं. मी पहिल्यांदाच हो म्हटलं आणि दारात उभ्या उभ्या ताट संपवलं. यावरून काय ते समजा.

"जमलं?" त्यानं विचारलं.

"जमलं," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी थंडीवर ढकललं.

आता गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती. तमरा येईल, जेवेल, जाईल. पण तो रविवार आमच्या चर्चच्या वार्षिक सभेचा निघाला. सभेनंतर तळघरात सगळ्यांचं जेवण असतं, घराघरातून एकेक भांडं येतं. प्रवेशदाराशी नावं लिहायचा कागद लागला होता. व्हर्लिननं पेन घेतलं आणि 'कोंबडी व भाज्या' या रकान्यात आपलं नाव लिहिलं.

"अरे, घरी कर की," मी त्याच्या कानाशी पुटपुटले. "घरी कुणाची कटकट नाही."

"घरी केलं तर कॉर्लिस म्हणेल मार्डेलनं केलं. सगळ्यांसमोर केलं की प्रश्न मिटला."

कागदाभोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कॉर्लिसच म्हणाली, "अगं बाई, व्हर्लिन! तू आणि कोंबडी? जिवंत आणणारेस का?" सगळे हसले. तोही हसला. मी नाही हसले.

त्या रविवारी तापमान उणे वीस होतं. सकाळी सातला आम्ही दोघं त्याच्या पिकअपमधून चर्चला पोचलो, त्याचा कुकर माझ्या मांडीवर, माझं भांडं पायाशी. तिथली रीत अशी की सगळ्याजणी सातला भांडी आणतात, तळघरातल्या उत्तरेकडच्या भिंतीशी ओळीनं लावतात, आच वाढवून ठेवतात आणि वर जातात. बारा वाजता खाली येईपर्यंत सगळं शिजलेलं. भिंतीवर आठ प्लग आहेत आणि आठही ठरलेले. कुठेही लिहिलेलं नाही, पण पियानोजवळचा हान्सनांचा, खांबाजवळचा माझा, कोपऱ्यातला लव्हॉनचा. लोकांच्या सासवांपासून चालत आलंय. एखादीनं दुसरीच्या प्लगात वायर खोचली तर वर्षभर बोलणं बंद व्हायचं.

माझं भांडं खांबाजवळ लावून आम्ही कोपऱ्याशी गेलो तर लव्हॉनच्या प्लगात कॉर्लिसची वायर. तिचा नेहमीचा कुकर तिच्या प्लगात होताच, वर हा नवा रोस्टर, अख्ख्या कोंबड्या भाजायची विजेची पेटी. एवढा मोठा की त्यात वासरू मावलं असतं. आत चार अख्ख्या कोंबड्या.

"कॉर्लिस," व्हर्लिन म्हणाला, "हा प्लग लव्हॉनचा."

"होता," कॉर्लिस म्हणाली. म्हणाली आणि मग तिचं तिलाच कसंनुसं झालं, पण माघार घेणाऱ्यातली ती नव्हे. "म्हणजे आता रिकामाच होता ना. आणि साठ माणसं जेवायची आहेत. तुझं तू स्वयंपाकघरात लाव."

"तिथल्या प्लगाला कॉफीचं पिंप आहे."

"मग राहू दे आज. कुणी काही म्हणणार नाही रे तुला."

मला असा संताप आला की मी हातमोजे काढले. पण व्हर्लिन त्या रोस्टरच्या मागची पट्टी वाचत होता, चष्मा कपाळावर चढवून.

"हे चौदाशे वॅटचं आहे," तो म्हणाला. "या अख्ख्या भिंतीला मिळून एकच फ्यूज आहे, चोवीसशेचा. तुमची सात भांडी मिळून सतराशेच्या वर जातात. फ्यूज धरणार नाही."

"महिनाभर स्वयंपाक काय केलास, मला शिकवायला लागलास?" कॉर्लिस म्हणाली. "चाळीस वर्षं मी या तळघरात जेवणं घालते."

आमच्याकडचा माणूस एखादी गोष्ट एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे भांडण. व्हर्लिननं टोपी घातली, कुकर उचलला आणि जिना चढून बाहेर पडला. मी त्याच्यामागे. मला वाटलं, गडी हरला. आता घरी जाऊन कॉर्नफ्लेक्स.

तो पिकअपपाशी गेला. आमच्याकडे हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या नाकाशी एक वायर लोंबत असते आणि चर्चच्या आवारात प्रत्येक गाडीला विजेचा एकेक खांब. व्हर्लिननं नुकतीच खोचलेली इंजिनची वायर उपटली. कुकर पुढच्या सीटवर ठेवला. त्याची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आणि खांबात खोचली. मग सीटमागची गोधडी काढून कुकरच्या बाजूंनी गुंडाळली, वर आपला गिरणीतला जाड डगला टाकला, आणि खिडकीची फट चिंध्यांनी बुजवली.

"गाडी?" मी विचारलं. "उणे वीसला पाच तास! परत सुरू व्हायची नाही."

"नाही होणार," तो म्हणाला. "पण आज गाडीचं काय काम आहे?"

मी त्या क्षणी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली. नाही मारली, आवारात माणसं होती. ती गाडी पुढे मंगळवारी ट्रॅक्टरनं ओढून न्यावी लागली, ते जाऊ दे.

दहाला तमरा आली, तीन तास गाडी चालवून. बापाच्या शेजारी बसली. तिनं विचारलं, "खाली ठेवलंत?" तो म्हणाला, "ठेवलंय." कुठे ते सांगितलं नाही. प्रार्थना झाली, प्रवचन झालं, मग सभा सुरू झाली आणि छपराच्या दुरुस्तीवर पाऊण तास वाद रंगला. व्हर्लिन सारखा खिडकीकडे बघत होता. त्याचे हात मांडीवर, बोटं वळवळत होती. मला ठाऊक होतं त्याला काय होतंय. झाकण उघडावंसं वाटत होतं त्याला, इतक्या लांबून. उणे वीसमध्ये त्या भांड्यानं उष्णता धरली असेल की नाही, याची मलाही धाकधूक होती. एखाद्या खांबाची वीजच गेली असेल तर? कुणी जाता जाता वायरीला अडखळला असेल तर?

साडेअकराला मी रुमाल गाडीत राहिला असं पुटपुटत उठले. बाहेर नाकातलं पाणी गोठत होतं. वायर जागच्या जागी होती. पिकअपच्या काचा आतून पार पांढऱ्या, वाफ धरून तिचा बर्फ झालेला. आवारातल्या दुसऱ्या एकाही गाडीची काच तशी नव्हती. मी दाराला हात लावला, आणि देवाशप्पथ, उघडावं असं मनात आलं. नाही उघडलं. आत जाऊन बसले आणि पुढे बघतच म्हटलं, "काचा पांढऱ्या झाल्यात."

व्हर्लिनची बोटं थांबली.

बाराला सगळे खाली उतरले. तळघरात पाऊल ठेवलं तेव्हाच मला कळलं. वास नव्हता. त्या रविवारी जिन्यातच वास येतो, आणि आज मेणबत्त्यांचा आणि ओल्या कोटांचा तेवढा वास. दिवे चालू, स्वयंपाकघरात कॉफी उकळतेय, म्हणून सकाळपासून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कॉर्लिसनं रोस्टरचं झाकण उचललं. चार कोंबड्या पांढऱ्याफटक, पाय वर करून तशाच पडलेल्या. तिनं शेजारचं झाकण उचललं, मग त्याच्या शेजारचं. एकेक झाकण उचलत ती भिंतीच्या टोकापर्यंत गेली. माझ्या भांड्यातलं मांससुद्धा कच्चं, कारण माझंही त्याच भिंतीला. फ्यूज आम्ही जिना चढेपर्यंतच गेला असणार.

"पाच तास कोमट राहिलेली कच्ची कोंबडी," आमच्या पाळकबाई म्हणाल्या. त्या आधी परिचारिका होत्या. "कुणीही तोंडात घालायची नाही. एक घाससुद्धा नाही."

साठ माणसं उभी. टेबलावर पाव, लोणी, कोबीची कोशिंबीर आणि केक. मुलं कुरकुरायला लागली. कॉर्लिसचा चेहरा लाल झाला होता आणि ती कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हती.

तमरानं हळूच बापाच्या बाहीला धरलं. "बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काळजी होती, "तुमचं पण तसंच...?"

"माझं नाही," व्हर्लिन म्हणाला. "माझं गाडीत आहे."

तो गेला आणि गोधडीसकट कुकर दोन्ही हातांत धरून जिना उतरला. मोठ्या टेबलाच्या मधोमध ठेवला. आणि सकाळी सव्वासातनंतर पहिल्यांदा, सगळ्या चर्चच्या देखत, त्यानं झाकण उचललं.

वाफ वरच्या दिव्यापर्यंत गेली. वास मागच्या भिंतीपर्यंत पोचला, कारण तिथली मुलं उठून उभी राहिली. मांड्या सोनेरी, मोहरीनं काळपट झालेल्या कडा, खाली बटाटे रसात मऊ झालेले. कुणीतरी "ओहो" म्हणालं. आमच्या लोकांत ही फार मोठी गोष्ट आहे.

एका भांड्यात साठ माणसं कशी जेवणार, हा प्रश्न माझ्या मनात आला. व्हर्लिनच्या मनात नाही आला, कारण वाटप हा त्याचा अडतीस वर्षांचा धंदा. त्यानं एकवार डोकी मोजली, डावानं हाडं बाजूला केली, मांस मोडून रसात मिसळलं आणि म्हणाला, "पाव खाली घ्या. प्रत्येकाला एक डाव. आधी मुलं."

रांग लागली. एक डाव, पुढचा. एक डाव, पुढचा. छोटाच डाव, पण काठोकाठ, ना कमी ना जास्त. शेवटून तिसरी कॉर्लिस होती. ती ताट घेऊन उभी राहिली. व्हर्लिननं तिलाही तेवढंच वाढलं. मी असते तर अर्धा डाव घातला असता.

मग सगळे खायला लागले. तमरा बापाच्या समोर बसली होती. तिनं पहिला घास घेतला, थांबली, आणि मग मान वर न करता ताट संपवलं. पावाचा शेवटचा तुकडासुद्धा रसात फिरवून.

"व्हर्लिन," म्हातारा हान्सन पलीकडून ओरडला, "अगदी लव्हॉनच्या हातची चव आहे!"

"अगदी, अगदी," चारी बाजूंनी आलं. "लव्हॉनच आठवली."

लोक प्रेमानं म्हणत होते. पण व्हर्लिननं डाव खाली ठेवला. मी त्याला इतक्या वर्षांत चारचौघांत दोन वाक्यांच्या वर बोलताना पाहिलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "लव्हॉन डब्यातलं सूप ओतायची. कोंबडी तिला कधी जमली नाही, वाळून जायची. मी सेहेचाळीस वर्षं खाल्ली, आणि ती उद्या परत आली आणि तीच वाळकी कोंबडी तिनं वाढली तर मी रोज खाईन." त्यानं भांड्याकडे बोट केलं.  "पण ही तिची नाही. ही मी केलीय. ही माझी आहे."

 तमरा तोंडावर हात धरून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच. "खरंच वाळायची," ती म्हणाली. "बाबा, मला वाटायचं ते फक्त मलाच कळतं."

"कळायचं सगळ्यांना," मी म्हटलं. आता मीही कशाला मागे राहू?

भांड्यात शेवटचा एक तुकडा उरला होता. आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. अर्धा घेतात, मग त्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा, आणि उरलेला चिमूटभर घास भांड्याबरोबर घरी परत जातो. तमरा उठली. साठ माणसांच्या देखत तिनं तो अख्खा तुकडा काट्यानं उचलला आणि तोंडात टाकला. मग पाव घेऊन भांड्याच्या कडा पुसल्या, तळ पुसला, तोही खाल्ला. भांडं आतून चकचकीत झालं. नंतर ती वळली, आणि तिच्या कचेरीत ती कशी बोलत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"कॉर्लिसकाकू," ती म्हणाली, "यापुढे बाबांची खबर हवी असेल तर मला फोन करू नका. त्यांनाच करा. ते घरीच असतात."